निवाऱ्यांतला दिवा

दुकानें बंद झाल्यावर पेठेंतील पायऱ्यांवर कोणी तरी गोणपाट अंथरतो, आणि सकाळीं झाडूवाला येण्यापूर्वीं ती जागा मोकळी झालेली असते. दुकानाच्या मालकास त्या माणसाचें तोंडहि ठाऊक नसतें. २०११ च्या शिरगणतींत २८ फेब्रुवारीच्या रात्रीं अशा बेघर माणसांची मोजदाद झाली, तेव्हां तीं साऱ्या देशांत १७ लाखांहून अधिक व महाराष्ट्रांत २ लाखांहून अधिक भरलीं. उघड्यावर झोंपणारा माणूस सरकारी कागदापासून लांबच राहतो. म्हणून खरा आंकडा याहून मोठा असावा असा आमचा तर्क आहे.

हीं माणसें आळशी व व्यसनी, असा आपल्या सुखवस्तु वर्गाचा समज आहे. जे दयाळू आहेत ते थंडींत घोंगडी वाटतात आणि एवढ्यानें आपलें कर्तव्य झालें असें मानतात. परंतु ज्याचें घर गेलें त्याची बुद्धि व कांहीं तरी घडविण्याची उमेद घराबरोबर जात नाहीं, ही साधी गोष्ट दोन्ही पक्षांच्या ध्यानांत येत नाहीं.

कै. नारायण सुर्वे यांचें चरित्र महाराष्ट्रास ठाऊक आहे. पण त्यांतून बहुधा भलताच धडा घेतला जातो. मुंबईंत टाकून दिलेलें तें तान्हें मूल गंगाराम सुर्वे या गिरणीकामगारानें उचललें. त्यानें व काशीबाईनें त्यास वाढविलें, आपलें नांव दिलें आणि मराठी चौथीपर्यंत शिकविलें. पुढें गंगाराम काम संपवून कोंकणांत गेला आणि पोर मुंबईच्या रस्त्यावर एकटें राहिलें. हॉटेलांतील चाकरी, घरगड्याचें काम, हमाली, गिरणी, शाळेंतील शिपायाची नोकरी, असें करीत तें परीक्षा देऊन मास्तर झालें. १९६२ सालीं 'ऐसा गा मी ब्रह्म' हा सुर्व्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला. १९९५ सालीं परभणीच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद व १९९८ सालीं पद्मश्री हे मान त्यांच्याकडे चालत आले.

यावरून वक्ते सभांतून सांगतात कीं, हालअपेष्टांनींच कवि घडतो! आम्हांस हें मत साफ अमान्य आहे. रस्त्यानें सुर्व्यांस अनुभव दिला असेल; अक्षर दिलें नाहीं. अक्षर, नांव, आणि आपण कोणाचे तरी आहों ही जाणीव त्या दोन गरीब कामगारांनीं त्यांस आधींच दिली होती. तेवढी शिदोरी होती म्हणून पुढची वाट चालतां आली. जीं मुलें तिच्यावांचून रस्त्यावर आलीं, त्यांतले किती कवि, चितारी व गवई आपण गमावले, ह्याची कोठें नोंद नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा मुंबईचा कायदा १९५९ सालचा, म्हणजे स्वराज्यांतला आहे. इंग्रजाच्या माथीं खापर फोडण्याची येथें सोय नाहीं. त्यांतील व्याख्येप्रमाणें गाणें, नाचणें, भविष्य सांगणें, खेळ करणें हीं भीक मागण्याचीं निमित्तें ठरतात. आणि चरितार्थाचें दृश्य साधन नसतां सार्वजनिक जागीं भटकणें हेंहि त्याच सदरांत पडतें. म्हणजे सभागृहांत तिकीट लावून गाइलें तर कला, व पुलाखालीं गाऊन पुढें टोपी ठेवली तर अपराध! ज्या मुलखाच्या गल्लीबोळांतून वासुदेव, गोंधळी व बहुरूपी पिढ्यान्‌पिढ्या फिरले, तेथें असा कायदा व्हावा हें नवल नव्हे काय? दिल्लीच्या हायकोर्टानें ऑगस्ट २०१८ मध्यें त्याचीं बहुतेक कलमें दिल्लीपुरतीं घटनाबाह्य ठरविलीं. ज्या मुंबईचें नांव त्या कायद्यास आहे, तिच्या विधिमंडळानें त्या निकालाची वाट पुसावयास नको होती.

१९८५ सालीं ऑल्गा टेलिस खटल्यांत सुप्रीम कोर्टानें उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कांतच येतो असें सांगितलें. परंतु त्याच निकालानें पदपथावरच्या झोंपड्या पावसाळा सरल्यावर हलविण्यास मोकळीक दिली. तत्त्व उदार, पदरांत पडली ती ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत.

त्यानंतर २०१३ सालीं केंद्र सरकारच्या नागरी उपजीविका योजनेंत दर १ लाख लोकवस्तीस किमान १०० माणसांचा कायमचा निवारा असावा असें ठरलें. हें स्तुत्यच होय. पण निवारा म्हणजे रात्रीपुरती अंथरुणाची जागा, एवढाच अर्थ लावला तर तो धर्मशाळेपुढें फारसा जात नाहीं. ज्यास चित्र काढावयाचें आहे त्यानें आपले कागद दिवसा कोठें ठेवावे? लिहिणाऱ्याच्या वह्या पावसांत भिजतात, चोरीस जातात, किंवा पदपथ साफ करणाऱ्यांच्या गाडींतून जातात. आणि वही गेलेला माणूस पुन्हां पहिल्या पानापासून आरंभ करीलच असें नाहीं. वाचनालयाकडे जावें तर वर्गणीदार होण्यास अनामत व राहण्याचा पत्ता मागतात. ज्यास पत्ताच नाहीं त्यानें काय लिहून द्यावें?

येथें आमच्या व्यापारी वाचकांस बरेंच करतां येईल. हुंडीवर सही करण्याचा ज्यांस परिपाठ आहे, त्यांनीं अशा एखाद्या होतकरू माणसासाठीं वाचनालयांत जामीन राहिल्यास पेढीचें दिवाळें निघणार नाहीं. आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाच्या वेळीं आपल्या वॉर्डाच्या सभासदास एवढें विचारावें कीं, निवाऱ्यांत एक मेज, माणशीं कुलपाची एक पेटी आणि रात्रीं दहानंतर जळणारा एक दिवा, यांसाठीं रक्कम किती धरली आहे.