पाटीवरचें अक्षर

मुंबईच्या लोकल गाडीच्या हार्बर मार्गानें खारघरास उतरून तेथील बाजारांतून हिंडूं लागलें, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाट्या आपोआप वाचल्या जातात. २०२२ सालच्या दुरुस्तीप्रमाणें महाराष्ट्रांतील दुकानाच्या पाटीवर मराठी नांव देवनागरींत असावें व तें इतर लिपींतील अक्षरांहून लहान नसावें, असा कायदा आहे. कायदा योग्यच आहे. पण तो अक्षराची उंची मोजतो. त्याचें रूप पाहण्याचें काम आपलें, आणि तें आपण करीत नाहीं, अशी आमची तक्रार आहे.

पुस्तकांतलें अक्षर आणि पाटीवरचें अक्षर यांचे धर्म निराळे. पुस्तकांतल्या अक्षरानें मुकाट्यानें अर्थ पोहोंचवावा आणि स्वतः बाजूस राहावें. पाटीचें, जाहिरातीचें किंवा लग्नपत्रिकेचें अक्षर मात्र जाणाऱ्यास क्षणभर थांबवितें. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं मराठी नाटकांचीं शीर्षकें हातानें रेखाटून हें मर्म घरोघर पोहोंचविलें. नाटकाची प्रकृति काय आहे, हें वर्तमानपत्रांतील त्या अक्षरांच्या वळणावरूनच उमगूं लागे.

हल्लीं हीच कला संगणकावरील टाइपांत, म्हणजे मुलें ज्याला फाँट म्हणतात त्यांत, उतरली आहे. मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हातानें रंगविलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनीं ‘यात्रा’ नांवाचा टाइप घडविला. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या मंडळींचा ‘मोदक’ अगदीं नव्या धाटणीचा. नांवाप्रमाणेंच गुबगुबीत, आंतील पोकळी चिमूटभर उरलेली. एक जुन्याची आठवण ठेवणारा, दुसरा नव्याचा हौशी. तरी दोघांतही देवनागरीचें देवनागरीपण शाबूत आहे.

तें कशांत असतें? देवनागरी बोरूचा काप आणि रोमन लेखणीचा काप यांचा कल परस्परविरुद्ध. म्हणून जाड व बारीक रेघाही निराळ्या जागीं पडतात. रोमन अक्षराच्या सांच्यांत आपलें अक्षर कोंबलें, म्हणजे तें उसना कोट घातलेल्या नवरदेवासारखें अवघडून उभें राहतें. ‘यात्रे’च्या कर्तीनें उलट केलें. कुंचल्याचा देवनागरी कल कायम ठेवून रोमन अक्षरांनाच तो दिला. पाहुण्यानें यजमानाच्या घरची रीत पाळावी, तसें हें झालें.

याहून मोठी चूक नुसत्या सौंदर्याची नसते. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा; शासनानेंही हींच रूपें मराठीसाठीं ठरविलीं आहेत. तरी पाट्यांवर व पत्रिकांवर हिंदी वळणाचे ल सर्रास दिसतात, कारण टाइप निवडतांना कोणी तिकडे पाहिलेलेंच नसतें. शिवाय मराठीचा ‘ऱ्य’ नीट न उमटला, तर खारघरच्या डोंगरांतील ‘दऱ्या’ पाटीवर ‘दर्या’ होतात, आणि डोंगराचा समुद्र होऊन बसतो!

म्हणून घरांत मुंजीची किंवा लग्नाची पत्रिका छापावयाची असेल, तेव्हां केवळ मजकुराचें मुद्रित तपासून थांबूं नये. तें भिंतीस लावून घरांतील वडीलधाऱ्यांस थोड्या अंतरावरून वाचावयास सांगावें. ल, श, क्ष, ज्ञ आणि ‘ऱ्या’ हीं पांच ठिकाणें मुलांकडून शोधून घ्यावीं. आजोबा अडखळले किंवा नातवानें चूक काढली, तर टाइप बदलावा. दुकानाची पाटी करावयास देणारानेंही एवढें केल्यास जादा खर्च कांहींच नाहीं.

शाळेंत जाण्यापूर्वींच मूल आईचें बोट धरून बाजारांत जातें, आणि तेथेंच त्याला बहुतेक अक्षरें पहिल्यानें भेटतात. पाटी दुकानदाराची खरी. पण तिजवरून लिहावयास शिकणारा हात आपल्या घरचा आहे.