वेशीपाशी थबकणारा परवाना

टॅक्सी चालवण्यास कोण लायक आणि कोण नालायक, हे ठरवण्याचे काम आपल्याकडे राज्य सरकारच्या परिवहन खात्याकडे आहे. इंग्लंडमध्ये, लंडन वगळता, ते स्थानिक कौन्सिलांकडे आहे. लोकांनी निवडून दिलेल्या सभासदांच्या समितीपुढे एखादा टॅक्सीचालक हजर होतो, आपले म्हणणे मांडतो आणि त्याच्या पोटापाण्याचा निर्णय तेथे होतो. १९७६ चा कायदा या कौन्सिलांना बजावतो, की अर्जदार ही 'लायक व योग्य व्यक्ती' असल्याची खात्री पटल्याखेरीज परवाना देऊ नये. गंमत अशी की 'लायक व योग्य' म्हणजे काय, याची व्याख्या मात्र त्या कायद्यात कोठेच नाही.

मुळात सरकारने यात पडावे कशाला, असा प्रश्न अर्थशास्त्राचा एखादा विद्यार्थी विचारील. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक आणि घेणाऱ्याला ती अज्ञात असली, तर असा बाजार आपोआप सुधारत नाही. रात्री अकरा वाजता स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या मुलीची स्थिती याहून बिकट असते. तिला गाडीची खोट समजत नाही आणि चालकाची तर नाहीच. शिवाय चूक झाली तर ती पुढच्या खेपेस सुधारून घेण्याची सोयही नाही. २००७ मध्ये पुण्यात कामावर निघालेल्या एका तरुणीचा कंपनीच्या भाड्याच्या गाडीतील चालकाने साथीदारासह खून केला. २०१४ च्या डिसेंबरात दिल्लीत टॅक्सीतील बलात्काराच्या प्रकरणी पकडल्या गेलेल्या चालकाजवळचा वर्तणुकीचा दाखला बनावट निघाला. प्रवासी शिक्क्यावर विसंबतो, आणि शिक्क्यामागे कोणी काही तपासलेच नसेल तर तो शिक्का नसण्यापेक्षा घातक ठरतो. कारण तो सावधपणाही हिरावून घेतो.

ही तपासणी इंग्लंडमध्ये कशी व्हावी, याचे मानदंड तेथील परिवहन खात्याने जुलै २०२० मध्ये ठरवून दिले. गुन्ह्यांच्या नोंदी दर सहा महिन्यांनी पाहाव्यात, लैंगिक गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्यास परवाना देऊ नये, हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा पुरी झाल्यावर किमान दहा वर्षे आणि अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात सात वर्षे जाऊ द्यावीत, असे त्यांत आहे. शरीरप्रकृतीचा निकष बहुतेक कौन्सिला बस आणि लॉरीच्या चालकांचाच लावतात. परंतु या साऱ्या आकड्यांपेक्षा त्यातील एक कसोटी अधिक बोलकी आहे: आपल्या जिवाभावाच्या माणसाला, दिवसा वा रात्री, या इसमाच्या गाडीतून एकटे जाऊ द्याल काय, असे समिती-सभासदाने स्वतःस विचारावयाचे असते. शंका उरली तर तिचा फायदा अर्जदारास द्यावयाचा नसतो.

येथे न्यायप्रिय वाचक अस्वस्थ होईल, आणि तसे होणे साहजिक आहे. आरोपीला संशयाचा फायदा मिळावा, हे तत्त्व आपल्या मनात खोल रुजलेले आहे. मात्र इंग्लंडमधील न्यायालयांनी वेगळी वाट धरली. १९९८ च्या रशक्लिफ कौन्सिलच्या प्रकरणात, फौजदारी खटल्यातून सुटलेल्या अर्जदारालाही त्याच आरोपाच्या आधारे परवाना नाकारता येतो, असे ठरले. २००२ मध्ये लीड्सच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले: परवाना गेल्याने चालकाच्या घरावर काय आपत्ती येईल, याचा विचार अपवाद वगळता समितीने करावयाचाच नाही.

हा निकाल प्रथम वाचला तेव्हा मला तो निष्ठुर वाटला. गाडीचे हप्ते डोक्यावर आहेत, मुले शिकत आहेत, दुसरा हुन्नर हाती नाही, अशा माणसाची बाजू ऐकूच नये? परंतु विचारांती निकाल पटतो. परवाना नाकारणे ही शिक्षा नव्हे. तो प्रवाशाच्या वतीने दिलेला हवाला आहे आणि जामीन राहणाऱ्याने ऋणकोची गरज न पाहता पत पाहावयाची असते. मात्र ज्या सत्तेने माणसाच्या अडचणीकडे डोळेझाक करावयाची, तिने निदान पुराव्याकडे तरी उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. निर्णयाची कारणे लेखी देणे, सुनावणी लांबू न देणे, चालकाला आरोपाचा तपशील कळवणे, या गोष्टी कृपेच्या नव्हेत. एकवीस दिवसांत दंडाधिकाऱ्यांकडे अपील करण्याची मुभा कायद्याने दिली आहे खरी; पण सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण दाखवून परवाना तत्काळ रद्द केला गेला असेल, तर अपील चालू असताना त्या माणसाला गाडी चालवता येत नाही. अपिलास विलंब झाला, तर जिंकणाराही तोवर कफल्लक झालेला असतो.

कौन्सिलने डोळेझाक केली तर काय होते, हे रॉदरहॅमने दाखवून दिले. यॉर्कशायरमधील या गावात १९९७ ते २०१३ या काळात किमान १४०० मुले लैंगिक शोषणास बळी पडली, असा अंदाज प्राध्यापक अॅलेक्सिस जे यांनी ऑगस्ट २०१४ च्या अहवालात मांडला. त्यात काही टॅक्सीचालकांचा हात वारंवार आढळला. आपल्यावर वंशद्वेषाचा आरोप येईल, या धास्तीने काही कर्मचारी गुन्हेगारांच्या वंशाबद्दल बोलण्यास कचरत होते, हेही अहवालाने नोंदवले. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये लुईस केसी यांच्या तपासणीने परवाना विभागाचा गलथानपणा उघड केला आणि सरकारने कौन्सिलचा कारभार आयुक्तांच्या हाती दिला. नवे नियम आले, गाड्यांत कॅमेरे सक्तीचे झाले, जुन्या चालकांची फेरतपासणी झाली. या मौनाने प्रामाणिक चालकांचेही नुकसानच झाले. संशय त्यांच्याही वाट्याला आला.

पण येथेच त्या व्यवस्थेतील मूळ खोट दिसते. आगाऊ ठरवून न्यावयाच्या खासगी भाड्याच्या गाडीला परवाना कोठल्याही एका कौन्सिलचा चालतो. चालक, गाडी आणि धंदा चालवणारी संस्था या तिघांचे परवाने एकाच कौन्सिलचे असले म्हणजे झाले. भाडे मात्र देशात कोठेही मारता येते. २०१५ च्या एका कायद्याने संस्थांना दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीतील संस्थेकडे भाडी सोपवण्यास मोकळीक दिल्याने ही वाट आणखी रुंद झाली. रॉदरहॅमने कितीही कडक नियम केले, तरी अन्यत्र परवाना काढून रॉदरहॅमच्याच रस्त्यांवर धंदा करण्यास आडकाठी नाही, आणि तशा गाडीवर कारवाई करण्याचा अधिकार रॉदरहॅमच्या अधिकाऱ्याला सहसा नसतो. वुल्व्हरहॅम्प्टन शहराने हजारो परवाने दिले. त्यांतील बहुसंख्य चालक त्या शहराचे रहिवासीही नाहीत. आपली तपासणी कोणापेक्षाही सैल नाही, असे त्या शहराचे म्हणणे आहे, आणि ते खरे असू शकेल. प्रश्न एका शहराच्या सचोटीचा नाही. हलके नाणे भारी नाण्याला चलनातून हुसकते, हा ग्रेशॅमचा नियम येथे परवान्यांना लागू पडतो. जेथे शुल्क कमी आणि निकाल लवकर, तेथे रांग लागते, आणि कसून तपासणाऱ्या कौन्सिलकडे येणारे अर्ज आटतात. शुल्क केवळ खर्च भागवण्यापुरतेच घ्यावयाचे असल्याने, अर्ज आटले की तपासनीस ठेवण्याची ऐपतही आटते.

२०२२ च्या कायद्याने एक भोक बुजवले. नाकारलेल्या वा रद्द केलेल्या परवान्यांची नोंद सामायिक यादीत करणे व ती पाहणे कौन्सिलांना बंधनकारक झाले. पूर्वी एका गावी नापास झालेला दुसऱ्या गावी कोऱ्या पाटीने उभा राहू शके. पण ही यादी नापासांची आहे; पास करणाऱ्यांच्या मोजपट्ट्या निरनिराळ्या असतील तर ती काय करणार? जून २०२५ मध्ये त्याच केसीबाईंनी, दहा वर्षांनंतर, हद्दीबाहेरच्या टॅक्सींचा प्रकार थांबवावा आणि मानदंड अधिक कडक करावेत, अशी शिफारस केली आणि सरकारने ती मान्य केली.

यावर परवान्याचे काम अडीचशेहून अधिक कौन्सिलांकडून काढून थोड्या, मोठ्या यंत्रणांकडे द्यावे, असा एक उपाय सुचवला जातो. त्याने मोजपट्टी एक होईल. परंतु ज्या सभासदाला आपल्या गावच्या शाळेबाहेर रोज कोणती गाडी उभी असते हे ठाऊक आहे, तो निर्णयाच्या जागेपासून दूर जाईल. त्यापेक्षा निकष देशभर एकच ठेवून ज्या गावाच्या रस्त्यावर गाडी धावते, त्या गावच्या अधिकाऱ्याला ती अडवण्याचा, आणि गरज पडल्यास चालकाला त्या दिवसापुरते घरी पाठवण्याचा अधिकार दिला, तर कौन्सिला मोडण्याची गरज पडणार नाही. परवाना काढून घेण्याचा अंतिम निर्णय तो देणाऱ्या कौन्सिलनेच, चालकाचे ऐकून, ठरावीक मुदतीत करावा.