मे महिन्याचे कोरे चौकोन

डोंबिवलीतल्या एका स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं आहे. मे महिन्याच्या पानावर पेन्सिलीनं अक्षरं लिहिली आहेत. ‘आ’ म्हणजे आजी येणार ते दिवस, ‘शि’ म्हणजे शिबिर, ‘र’ म्हणजे बाबांची रजा. पूर्वी जिथं दुधाचे खाडे मांडले जायचे, तिथं आता आठ वर्षांची लेक कोणत्या दिवशी कोणाजवळ राहणार याचा हिशेब आहे. काही चौकोन दोनदा खोडून पुन्हा लिहिलेत. काही अजून कोरेच आहेत.

शाळेची फी पालकांना तोंडपाठ असते. पण तीच शाळा रोज पाच-सहा तास मूल सांभाळतेही, हे लक्षात येतं ते तिच्या फाटकाला कुलूप लागल्यावर.

हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांना रविवार सोडून वर्षाला ७६ पर्यंत सुट्ट्या देता येतात. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोकरदाराला सणावारांच्या ८ भरपगारी सुट्ट्या, ८ किरकोळ रजा आणि कामाच्या दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते. सणांच्या आठही सुट्ट्या शाळेशी जुळल्या असं धरलं, तरी ६८ दिवस उरतात. आई आणि बाबा, दोघांच्या किरकोळ आणि अर्जित मिळून प्रत्येकी साधारण २२ रजा. दोघांनी वर्षभरात एकही रजा एकत्र घेतली नाही, कोणी तापानं झोपलं नाही, कोणाच्या लग्नाला गेलं नाही, तरी २४ दिवस मुलाजवळ कोणीच नाही. एकटी आई किंवा एकटा बाप असेल, तर ४६ दिवस.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी रात्री उशिरा जाहीर करतात त्या सुट्ट्या यात धरलेल्याच नाहीत.

हे दिवस भरून काढायचे तर पैसे मोजावे लागतात, आणि पैसे मोजूनही ते पुरते भरत नाहीत. उन्हाळी शिबिरच घ्या. चित्रकला, मातीकाम, अबॅकस, पोहणं, सगळं छान. पण शिबिर नऊला सुरू होऊन बाराला संपतं. डोंबिवलीहून आठची लोकल पकडून फोर्टात जाणाऱ्या आईला बारा वाजता शिबिराच्या दारात उभं राहता येत नाही. मग शिबिराची फी, ने-आण करणाऱ्या रिक्षावाल्या काकांचे पैसे आणि दुपारनंतरचं पाळणाघर, असे तीन खर्च एकाच दिवसावर पडतात.

हे कालनिर्णय ज्या घरात आहे, त्याच सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत एक काकू पाळणाघर चालवतात. एरवी त्यांच्याकडे तान्ह्यांची आणि बालवाडीतल्यांची वर्दळ. मे उजाडला की मोठी मुलंही दिवसभरासाठी येतात. दारात चपलांचा ढीग, ओट्यावर नेलपॉलिशनं नावं घातलेले डबे. दुपारी एक ते तीन लहानांची झोप आणि मोठ्यांचं भांडण एकाच खोलीत सांभाळायचं. मोठी मुलं जास्त खातात, पंख्याखालची जागा मागतात, खाली खेळायला सोडा म्हणून हटून बसतात. सुट्टीत काकू पैसे वाढवून घेतात, आणि त्यांचं चुकतं असं त्यांच्याकडे मूल ठेवणारी एकही आई म्हणणार नाही.

सगळ्यात भरवशाची सोय अजूनही आजीच. त्यात एसटीनं गेल्या काही वर्षांत न बोलता मोठा हातभार लावला आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, २०२३ च्या मार्चपासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे साताऱ्याची आजी नातवंडांकडे यायची म्हणजे तिकिटाचा विचार करावा लागत नाही. विचार करावा लागतो तो तिच्या गुडघ्यांचा. दहा वर्षांच्या नातवामागे दिवसभर धावायचं, दोन वेळचं रांधायचं, हा तिचा महिना कोणत्याच हिशेबात धरला जात नाही.

याच सोसायटीत धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंपुढे शिबिर किंवा पाळणाघर असा पर्यायच नसतो. त्यांचा दुसरीतला मुलगा मे महिन्यात त्यांच्याबरोबर घरोघर फिरतो. जिन्यात बसतो, नाहीतर कोणी आत घेतलं तर टीव्हीपुढे. शाळा बंद म्हणजे शाळेतला पोषण आहारही बंद, म्हणजे एका वेळचं जेवण घरखर्चात वाढलं. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेत जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये दिला होता. सुट्टीत भूक सुट्टीवर जात नाही, हे न्यायालयानं मान्य केलं. मात्र ज्याला दुष्काळ नाही पण दुपारी घरात कोणी नाही, त्या मुलाचं काय, हा प्रश्न तिथंच राहिला.

आपल्या कायद्याला पाळणाघर नवं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार, पुढच्या दुरुस्तीनंतर, ३० हून अधिक महिला कामगार असलेल्या कारखान्यांना ते सक्तीचं होतं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाण्याची मुभा मिळाली. केंद्राची ‘पाळणा’ योजना सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. कारखाने कायद्यातही सहा वर्षांखालचीच मुलं होती, अंगणवाडीही सहाव्या वर्षी संपते. सहाव्या वर्षानंतर मूल शाळेचं झालं, असं सगळ्यांनी धरलेलं. मग शाळा बंद असताना सात वर्षांचं मूल कोणाचं? सरकारी नोकरीतल्या आईला बालसंगोपन रजेचा आधार आहे: केंद्रात ७३० दिवस, राज्यात १८० दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. खासगी नोकरीतल्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या आईला तोही नाही.

आयकरातही हीच गत. जुन्या पद्धतीनं कर भरणाऱ्याला शाळेच्या शिकवणी शुल्काची वजावट मिळते, पाळणाघराच्या पावतीची नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी आईबापांना मात्र तेरा वर्षांखालच्या मुलाच्या दिवसा भरणाऱ्या समर कॅम्पचा खर्च कर-सवलतीसाठी दाखवता येतो; मुक्कामी कॅम्पचा नाही. म्हणजे आईबाप कामावर जावेत म्हणून केलेला खर्च कोणता, हे तिथल्या कायद्याला ओळखता आलं आहे.

इथं तर जागाही शोधायला नको. पालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या शाळांमध्ये पंखे आहेत, नळ आहेत, मैदानं आहेत, खिचडी शिजवणाऱ्या बचत गटाच्या बायकाही आहेत. सुट्टीत चार वर्ग सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उघडे ठेवायचे, शिक्षकांची सुट्टी न मोडता त्याच बायकांना आणि परिसरातल्या तरुण मुलामुलींना मानधन द्यायचं, पालकांकडून ऐपतीप्रमाणे पैसे घ्यायचे. काकूंच्या दोन खोल्यांपेक्षा हे नक्कीच मोकळं असेल.

काकूंच्या खिडकीतून अशीच एक शाळा दिसते. यंदा त्यांनी पाच मोठी मुलं घेतली. सहाव्या मुलीच्या आईचा फोन १ मेला रात्री आला, तेव्हा त्यांनी आधी खोलीतल्या गाद्या मोजल्या आणि मग नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या मैदानात कोणीच नव्हतं, आणि दारामागच्या कालनिर्णयावर २ तारखेचा चौकोन कोराच होता.