टर्कीला बोलवा, रेकॉर्ड लावू नका!

अमेरिकेत वसंतात रानटर्कीचा सीझन सुरू झाला की ऑफिसातला कोणीतरी मोबाईल नाचवत म्हणतोच, "अरे ॲप आहे ना! मादीचा आवाज लावायचा, नर येतो धावत." दिसेल ते ऑटोमेट करायची आम्हा लोकांची खोड जंगलातही सुटत नाही. माझं या ॲपवाल्यांशी भांडण आहे. (बहुतेक राज्यांत टर्कीच्या शिकारीला इलेक्ट्रॉनिक आवाज चालतच नाही, मोबाईलचा स्पीकरसुद्धा. पण कायदा जरा बाजूला ठेवू.)

एरवी नर ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नेमकं उलटं मागतो: तूच ये. म्हणजे पक्ष्याला त्याच्या सवयीविरुद्ध पटवायचं. पटवणाऱ्याला आधी ऐकता यायला हवं, आणि स्पीकरला कान नसतात.

पहाटे अंधारात घुबडाचा आवाज काढला की झाडावरचा नर चिडून ओरडतो, ठिकाण कळतं. मग हळूच दोन-तीन हाका, बस्स. साधनंही साधीच. लाकडी डबी, तिच्या कडेवर खडू लावलेलं झाकण घासायचं. तिचं पेटंट 1897 चं आहे! किंवा चक्क पाटी-पेन्सिल: पाटीच्या गोल तुकड्यावर काडीचं टोक न उचलता बारीक वर्तुळं काढायची. टाळूला चिकटवायची रबरी पट्टी असते, तिने हात मोकळे राहतात. पण ती जमेपर्यंत घरचे वैतागतात.

खरी परीक्षा पुढे. नर उत्तर देतोय, पण साठ-सत्तर यार्डांवर अडून बसलाय. नवशिक्या इथे वाजवत सुटतो. नर म्हणतो, एवढी घाई आहे तर तीच येईल! अशा वेळी गप्प बसायचं, फार तर हाताने पाचोळा खरवडायचा, मादी दाणे टिपत असल्यासारखा.

आणि ते दुसरे शहाणे, सार्वजनिक जंगलात नराचा आवाज काढणारे! त्या आवाजाकडे टर्की येईल न येईल, दुसरा बंदूकवाला नक्की येईल. दोघंही झाडीच्या रंगाच्या कपड्यांत. हे काय धाडस झालं?

बेसुमार शिकार आणि जंगलतोडीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी कितीतरी राज्यांतून नाहीसा झाला होता. पिंजऱ्यात वाढवून सोडलेले पक्षी रानात टिकेनात, तेव्हा 1950 च्या दशकापासून तोफेने उडवायच्या जाळ्यांत रानटी टर्की पकडून दुसरीकडे नेऊन सोडले. एवढ्या खटाटोपाने परत आलेल्या पक्ष्याला बटण दाबून मारायचं?

पाटी घ्या. पाच मिनिटं वाजवा, वीस मिनिटं तोंड बंद ठेवा. तेवढं जमत नसेल तर सरळ ऑफिसला या, मीटिंगमध्ये अखंड बोलायला भरपूर वाव आहे :-)