दोनच चाकं दिसतात

परवा शेजारच्या आजोबांनी गॅरेजमधून हाक मारली. समोर चार मोठ्या, चकचकीत व्हीलकॅप मांडलेल्या, प्रत्येकीवर लाल अक्षरांत एका वर्कशॉपचं नाव. वर्कशॉपवाला आजोबांच्या गाडीच्या ब्रेकचं काम फुकट करून देणार होता. अट एकच, ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ला गाडीने त्याच्या टोप्या घालायच्या.

‘‘तूच सांग, घालू की नको?’’

डेट्रॉइटच्या उपनगरात हा प्रश्न लहान नाही. १९९५ पासून दर ऑगस्टला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची वारी निघते आणि माणसं रस्त्याकडेला खुर्च्या टाकून दिवसभर बसतात. आजोबांची गाडी १९६८ची प्लायमथ रोडरनर. मसल कार म्हणजे मध्यम अंगाच्या गाडीत दांडगं इंजिन. रोडरनर ही त्यातली गरिबाघरची. किंमत तीन हजार डॉलरच्या आत राहावी म्हणून कंपनीने गालिच्याऐवजी रबरी मॅट टाकली, नटवेपणा छाटला, पण इंजिन दिलं ३३५ हॉर्सपॉवरचं. चाकांच्या मधोमध साधी, बुटकी टोपी. शौकीन मंडळी तिला ‘डॉग डिश’ म्हणतात, कुत्र्याची ताटली!

‘‘नको,’’ मी सोवळ्यात म्हणाले. ‘‘अस्सल गाडीवर जाहिरात कसली?’’

आजोबांनी आत हात घालून हॉर्न दाबला. बीप-बीप! कार्टूनमधल्या त्या पळपुट्या ‘रोडरनर’ पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला प्लायमथने वॉर्नर ब्रदर्सना ५० हजार डॉलर मोजले होते. हॉर्नही त्याच्या आवाजाचा बनवून घेतला होता. म्हणजे बाईसाहेब जन्मल्या त्याच जाहिरात गोंदवून. माझं सोवळं तिथेच सुटलं.

तरी मन मानेना. पक्षी निदान गाडीचा स्वभाव सांगतो. ती साधी ताटलीही काही सांगते : पैसा चाकावर नाही, बॉनेटखाली घातलाय. तिच्यावर दुसऱ्याची पाटी चढवली की तेच झाकलं जातं.

‘‘पण भोक तर पाडायचं नाही ना,’’ आजोबा म्हणाले. खरं होतं. व्हीलकॅप दाबून बसवायची, स्क्रूड्रायव्हरने उचकटायची. उडतेही सहज. ‘बुलिट’ या १९६८च्या सिनेमातला पाठलाग आठवा : काळ्या डॉज चार्जरच्या टोप्या एकेक करून उडत राहतात. मोजल्या तर चाकं चार, उडालेल्या टोप्या त्याहून जास्त!

‘‘कोणी मोजत नाही,’’ आजोबा हसले. ‘‘बघणाऱ्याला गाडीची दोनच चाकं दिसतात.’’

बोलता बोलता ते थबकले. मग चारातल्या दोन टोप्या उचलून त्यांनी उजव्या बाजूला ठोकल्या. अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते. खुर्च्यांवरच्या लोकांना तीच बाजू दिसणार.

‘‘आणि डावीकडे?’’

‘‘तिकडून मी चढतो,’’ आजोबा म्हणाले आणि फडकं घेऊन डावीकडची ताटली पुसायला बसले.