किलोमीटरला एक रुपया? आधी पार्किंग कुणाचं ते सांगा

घरात नव्या गाडीचा विषय निघाला की आपल्यातलाच कुणीतरी ‘ईव्हीच घ्या ना बाबा’ म्हणून हट्ट धरतो. शोरूममधला माणूसही लगेच टाकतो, ‘सर, किलोमीटरला एक रुपया!’ हे अगदीच खोटं नाही. पण ते नेमकं कुणासाठी खरं आहे, हे विचारायला हवं.

पुण्याचा हिशेब घेऊ. रोज ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. छोटी इलेक्ट्रिक कार शहराच्या ट्रॅफिकमध्ये, एसी लावून, एका युनिटमध्ये साधारण ७ किलोमीटर जाते असं धरा. महिन्याला १०७ युनिट लागले.

आता घरचं लाइट बिल काढा. महावितरणच्या घरगुती विजेला स्लॅब असतात. २०२४-२५च्या दरपत्रकात वहन आकार धरून पहिली १०० युनिट ५ रुपये ८८ पैशांनी, १०१ ते ३०० पर्यंत ११ रुपये ४६ पैशांनी आणि ३०१ ते ५०० पर्यंत १५ रुपये ७२ पैशांनी होती. वर १६ टक्के वीज शुल्क. पुढे दर थोडे इकडेतिकडे झाले तरी जास्त वापराला जास्त दर, ही रचना तीच आहे. गंमत अशी, की स्वस्तातली पहिली १०० युनिट फ्रीज, पंखे आणि टीव्ही आधीच खाऊन बसलेले असतात. गाडी येते ती वरच्या स्लॅबमध्ये. घरचा वापर २०० युनिट असेल तर गाडीमुळे बिल साडेचौदाशेच्या आसपास वाढेल. घरात एसी असेल आणि ३०० युनिट आधीच ओलांडली असतील, तर साडेएकोणीसशे. म्हणजे किलोमीटरला दोन ते अडीच रुपये. एक रुपया नाहीच, पण तरी भारीच. कारण पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि ॲव्हरेज १५ धरलं, तर तेवढ्याच अंतराला ५,२०० रुपये लागतात.

पण हे सगळं ज्याच्या घराखाली स्वतःचं पार्किंग आणि भिंतीत प्लग आहे त्याचं झालं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचं काय? जुन्या वाड्यात, चाळीत, किंवा गाडी रस्त्याकडेला लावणाऱ्याचं? चौथ्या मजल्यावरून वायर खाली सोडणार का? तसं कुणी करतही असेल, पण करू नये.

त्याला बाहेरचा चार्जर गाठावा लागतो. शहरात फास्ट चार्जरचा दर साधारण १८ ते २५ रुपये युनिट. त्यावर १८ टक्के जीएसटी. घरी वीज वापरली तर जीएसटी नाही, पण चार्जिंग स्टेशनवर तीच वीज ‘सेवा’ ठरते. २० रुपयांचा चार्जर धरला तर महिन्याचे अडीच हजार होतात आणि २५चा धरला तर ३,१५० च्या पुढे. आता सीएनजी ९० रुपये किलो आणि ॲव्हरेज २२ धरून बघा. ३,०७० रुपये! म्हणजे महागडा चार्जर वापरणाऱ्याची ईव्ही सीएनजी गाडीपेक्षा महाग पडली. वर ॲप उघडा, चार्जर चालू आहे का बघा, रांगेत थांबा, हे वेगळंच.

सांगायचं एवढंच, की स्वस्त चार्जिंग हा गाडीचा गुण कमी आणि घराचा जास्त आहे.

मार्ग नाहीत असं नाही. स्वतःच्या वीजजोडणीवर घरी गाडी चार्ज करायला केंद्राच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनीच मोकळीक दिली आहे. तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘लोड झेपणार नाही’, ‘आग लागली तर?’ हे सुरू होतंच. ही भीती अगदी उगाच नाही. वायरिंग तपासून घ्यायलाच हवं. पण तपासणी न करताच नकार देणं म्हणजे टोलवाटोलवी झाली. ईव्ही चार्जिंगसाठी वीज नियामक आयोगाचा वेगळा दरवर्गही आहे, त्यात घरगुतीसारखे चढते स्लॅब नाहीत. सोसायटीने पार्किंगमध्ये असं मीटर घेतलं तर भाडेकरूचीही सोय होऊ शकते.

आणि कॉलेजचं पार्किंग? केंद्राच्या २०२४च्या सूचनांप्रमाणे सार्वजनिक चार्जरला मिळणारी वीज सकाळी ९ ते दुपारी ४ या सौरतासांत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट, आणि एरवी १.३ पट दराने असावी. सकाळी ९ ते ४ आपल्या गाड्या कुठे असतात? कॅम्पसमध्येच, उन्हात. होस्टेलवर राहून इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा विचार करणाऱ्यांचाही अडथळा हाच, प्लग. त्यामुळे पुढच्या वेळी प्राचार्यांकडे निवेदन घेऊन जाल तेव्हा कँटीनच्या दरांखाली ही एक मागणीही लिहा.