स्टँडअप रोज होतो, मग टीम अजाईल का होत नाही?

फोनमधलं क्रोम सारखं अपडेट का मागतं, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. २०२१ साली गुगलने क्रोमच्या मोठ्या अपडेटमधलं अंतर सहा आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आणलं. थोडं बनवायचं, लोकांच्या हातात द्यायचं, काय बिघडतंय ते बघायचं आणि मग पुढचं ठरवायचं. अजाईल म्हणतात त्याच्या मुळाशी एवढीच कल्पना आहे.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या स्की रिसॉर्टवर १७ जण जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं, बारा तत्त्वं, बस. त्यातलं पहिलंच मूल्य सांगतं की ठरीव प्रक्रिया आणि टूल्सपेक्षा माणसं आणि त्यांच्यातला संवाद महत्त्वाचा. गंमत म्हणजे आज अजाईल म्हटलं की आधी जिराचा बोर्डच डोळ्यांसमोर येतो.

सध्या 'अजाईल संपलं' अशी चर्चा सतत कानावर येते. ती अगदीच हवेतली नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकन बँकेने अजाईलसाठी नेमलेल्या ११०० हून जास्त लोकांच्या जागा रद्द केल्या. हे काम आता इंजिनिअर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांच्या नेहमीच्या कामातच येईल, असं बँकेचं म्हणणं होतं. पद्धत ठेवली, ती सांभाळणारी माणसं काढली. ते कितपत योग्य होतं हे मी बाहेरून सांगू शकत नाही, पण घोडं कुठे अडतं ते मी माझ्या टीममध्ये जवळून पाहिलंय.

पुण्यातली कंपनी, परदेशी क्लायंट, आम्ही नऊ जण. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि सोमवारपासून आम्ही 'अजाईल' झालो. रोज सकाळी दहाला स्टँडअप. स्क्रम गाइडप्रमाणे तो १५ मिनिटांचा हवा आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आपसांत दिवसाचं ठरवण्यासाठी हवा. आमचा ४५ मिनिटं चालायचा. प्रत्येक जण मॅनेजरकडे बघून बोलायचा आणि सर एक्सेलमध्ये टिपून घ्यायचे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

पहिल्याच आठवड्यात एकाने अडचण सांगितली, तर सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, "एवढंही जमत नाही का?" झालं. त्यानंतर सगळ्यांचं एकच पालुपद, "नो ब्लॉकर्स". आमच्यातला एक फ्रेशर पेमेंटच्या एपीआयवर सहा दिवस अडकला होता आणि सहाही दिवस हेच म्हणत होता. क्लायंटसमोर डेमोमध्ये पेमेंटचं बटण दाबलं आणि स्क्रीन पांढरी. पोरगा नंतर जेवायलासुद्धा आला नाही. त्याचं चुकलं, पण त्याच्या शेजारी बसणाऱ्या मला सहा दिवसांत काही कळलं नाही, हे जास्त चुकलं.

दुसरी भानगड स्टोरी पॉइंटची. एखादं काम दुसऱ्याच्या मानाने किती अवघड आहे, याचा टीमने लावलेला अंदाज म्हणजे पॉइंट. पण वरून दुसऱ्या टीमच्या पॉइंटशी आमची तुलना सुरू झाली, आणि आम्हीही हुशार, तीनच्या कामाला पाच लावू लागलो. ग्राफ मस्त चढला. ॲपमध्ये मात्र जास्तीचं काहीच आलं नाही. पॉइंट ही कल्पना बहुधा आपलीच, आणि आता तिचं वाईट वाटतं, असं जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या रॉन जेफ्रीज यांनीच लिहून ठेवलंय.

बदल अपघातानेच झाला. मॅनेजर तीन आठवडे रजेवर गेले आणि स्टँडअप १२ मिनिटांत आटपायला लागला. लोक एकमेकांशी बोलत होते. त्याच काळात एका मीटिंगमध्ये आमची टेस्टर म्हणाली, "तुमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा असेल. मला फक्त एक रात्र मिळते." खरंच होतं. सगळा कोड गुरुवारी संध्याकाळी तिच्याकडे जायचा आणि शुक्रवारी डेमो.

सर परत आल्यावर आमच्या सीनियरने हे त्यांना एकट्याला गाठून सांगितलं. ते आधी चिडले. मग ठरलं, त्यांनी स्टँडअपला यायचं, पण बोलायचं नाही. आणि बोर्डवर टेस्टिंगच्या रकान्यात एका वेळी दोनच कामं. रकाना भरला की डेव्हलपरने नवीन काम न घेता टेस्टिंगला हात लावायचा. "मी डेव्हलपर आहे, टेस्टिंग का करू?" असं कुरकुरणाऱ्यांत मी पहिला होतो. दोन दिवस दुसऱ्याचा कोड तपासला तेव्हा कळलं, मी स्वतः किती अर्धवट गोष्टी 'झालं' म्हणून पुढे ढकलत होतो.

सगळं काही सुटलेलं नाही. काय काय बनवायचं आणि कोणत्या तारखेला द्यायचं, हे दोन्ही करारातच पक्कं असेल, तर मधल्या डेमोत क्लायंटला काहीही पटलं वा खटकलं तरी बदलायला जागा कुठे उरते? सर्व्हिस कंपन्यांतलं बरंचसं अजाईल इथेच अडतं, आणि ते टीमच्या हातात नसतं. करार करणाऱ्यांना दोन दिवसांच्या ट्रेनिंगला कुणी बसवत नाही.

आता त्यात एआयची भर. कोड भराभर तयार होतो, त्यामुळे पूर्वी गुरुवारी भरणारा टेस्टिंगचा रकाना आता मंगळवारीच भरतो. दोनाची मर्यादा चार करा, अशी मागणी परवा आली. टेस्टरने सरळ 'नाही' म्हटलं. फ्रेशर म्हणाला, "मग मी या आठवड्यात तुमच्यासोबत बसतो." सर काहीच बोलले नाहीत.